सातव्या ओळीतला पेशंट

टाचणीने डूख धरला तो एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, सात माणसांच्या देखत. तोवर ती कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून लहानपणी घरच्यांनी तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली, आणि अडतिशी आली तरी ते नाव काही सुटलं नाही. ऑफिसातही तेच चाले, कारण ऑफिस घरचंच होतं. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे तिचे भाऊजी, रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनवत. शहरातल्या एकतीस लॅबमध्ये तो बसवलेला होता. पेशंटची नोंद, मशीनमधून वायरीने येणारे आकडे, छापील रिपोर्ट, सगळं त्यातच. टाचणीकडे होतं ते वेबचं काम. रिपोर्ट तयार झाला की त्याची एक प्रत तिच्या पानावर यायची आणि पेशंटला ती घरबसल्या फोनवर दिसायची. अकरा वर्षं ती हे काम करत होती आणि कुणी नाव ठेवावं असं तिने काही केलं नव्हतं.

त्या मंगळवारच्या चार दिवस आधी एक भानगड झाली. शाळेत गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी सहज म्हणून रक्त तपासून घेतलं. फोनवर रिपोर्ट उघडला तर हिमोग्लोबिन पाच. घरच्यांचं धाबं दणाणलं. बाईंना उचलून हॉस्पिटलात नेलं, रक्ताची बाटली मागवली. तिथल्या डॉक्टरला बाईंचा चेहरा बघून शंका आली. एवढं रक्त कमी असलेली बाई जिना चढून, धाप न लागता, नर्सशी भांडत आत येते कशी? परत तपासलं तर साडेबारा. बाई ठणठणीत होत्या. पण लॅबची अब्रू जायची ती गेली.

लॅब एका डॉक्टरीणबाईंची होती. कडक बाई, हसणं जपून वापरणारी. त्यांनी लॅबच्या मागच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. त्या स्वतः, त्यांच्या दोघी टेक्निशियन, गाण्याच्या बाईंचा नवरा, हा प्रोग्राम वापरणारे आणखी दोन लॅबमालक आणि भाऊजी. टाचणी दाराशी खुर्ची ओढून बसली होती.

भाऊजींनी लॅबच्या कॉम्प्युटरवर त्या बाईंचं नाव काढून दाखवलं. "हे बघा. इथे साडेबाराच आहे, म्हणजे माझा प्रोग्राम बरोबर आहे. पाच दिसलं ते फोनच्या पानावर."

"पण भाऊजी, पान तर इथून येतं तेच दाखवतं," टाचणी म्हणाली. "ते स्वतःच्या मनाने आकडा कुठून आणेल?"

भाऊजी हसले. ते हसणं तिला पुढे कित्येक दिवस ताटावर बसल्यावरही दिसायचं. "वेबसाइटवाल्यांना हेच तर कळत नाही," ते बाकीच्यांकडे बघत म्हणाले. "पडद्याला रंग लावणं वेगळं आणि प्रोग्राम लिहिणं वेगळं. घरातली आहे म्हणून ठेवून घेतली होती. चूक माझीच. आजपासून ही या कामावर नाही."

गाण्याच्या बाईंच्या नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विषच कालवलं होतं. टाचणी उठली, पर्स घेतली, आणि दाराची कडी उलट्या बाजूला फिरवत बसली, ती उघडेना. शेवटी एका टेक्निशियनने उठून दार उघडून दिलं. नोकरी गेली त्याहीपेक्षा ते दार न उघडणं तिला जास्त लागलं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जावई आहेत ते. थोरलीच्या संसाराचा विचार कर. मोठं माणूस चारचौघांत दोन शब्द बोललं तर काय अंगाला भोकं पडतात?"

संध्याकाळी ताईचा फोन आला. "तू जरा नमतं घे ना गं. मी बोलते त्यांच्याशी. घेतील परत."

"मी परत जाणार आहे," टाचणी म्हणाली. "पण कामाला नाही."

सूड घ्यायचा म्हणजे काय करायचं हे तिने दोन दिवस शांतपणे ठरवलं. भांडण करायचं नाही, वकील नको, नातेवाइकांत चुगल्या नकोत. ज्या गोष्टीवरून भाऊजींनी हिणवलं तीच गोष्ट शिकायची. कॉम्प्युटरवर बसवायचा, मशीनच्या वायरीला जोडायचा, खराखुरा प्रोग्राम. आणि त्यांच्या एकतीस लॅब एकेक करून त्यांच्या हातातून काढून घ्यायच्या. पहिली लॅब डॉक्टरीणबाईंची. तिला ते चित्र इतकं स्पष्ट दिसायचं की भाजी चिरता चिरता ती मधेच थांबून गालातल्या गालात हसायची, आणि आई विचारायची, "काय झालं?"

सकाळी ती पोटापुरती वेबची किरकोळ कामं करी आणि उरलेल्या वेळात शिके. सुरुवातीला तिला वाटलं, यात काय एवढं! अकरा वर्षं आपण पडद्यावर बटणंच तर मांडतोय. दोन आठवड्यांत तिने एक विंडो उभी केली. पेशंटची यादी, तीन बटणं, रंगही सुरेख. ती घेऊन ती काटेवाल्या काकांकडे गेली.

काटेवाले काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र. मालाने भरलेले ट्रक ज्यावर वजन करतात त्या मोठ्या काट्यांचे प्रोग्राम त्यांनी जन्मभर लिहिले. आता हात थरथरत, धड टाइप करता येत नसे. पण नजर आणि जीभ शाबूत होती. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक जुना दुकानी वजनकाटा होता, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. काटा आकडा स्थिर व्हायला वीसेक सेकंद घ्यायचा आणि मग वायरीतून पाठवायचा.

"रक्ताचं मशीन माझ्याकडे नाही," काका म्हणाले. "पण वायर ती वायरच. इथे आकडा धरता आला की तिथेही धरता येईल. चालव बघू तुझं."

टाचणीने काट्यावर शब्दकोश ठेवला आणि बटण दाबलं. विंडो जागच्या जागी गोठली. मग पांढरी पडली. वर पाटी आली की प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.

"मेला," काका म्हणाले.

"नाही काका, तो आकड्याची वाट बघतोय."

"माहीत आहे. पण वाट बघताना तो दुसरं काहीच करत नाही. वेबला तुझ्यासाठी वाट बघणारा दुसरीकडे कुणीतरी बसलेला असतो. इथे तोच स्वयंपाकी, तोच वाढपी. वाट बघायला वेगळा माणूस बसव, आणि पडदा मोकळा ठेव."

ते करायला तिला तीन आठवडे लागले. त्यानंतर वाट बघणारा भाग पडद्याला परस्पर हात लावू लागला आणि प्रोग्राम धडाधडा कोसळू लागला. तेही निस्तरलं. मग काकांनी तो दुसऱ्या एका जुन्या कॉम्प्युटरवर बसवायला लावला, तर उघडेचना. तिच्याकडे असलेली एक फाइल त्याच्याकडे नव्हती. ती मिळाली, तर चौकोनी जुन्या पडद्यावर शेवटचं बटण कडेच्या पलीकडे गेलं होतं. "वेबचं पान आपोआप आवरून बसतं," टाचणी करवादली. "हे तर खुंटीला टांगल्यासारखं तिथेच!" वेबचं पान बंद करून उघडलं की कोरं होऊन यायचं, ही तिची अकरा वर्षांची सवय. इथे विंडो सकाळी उघडली की संध्याकाळपर्यंत उघडीच. सकाळच्या पेशंटचं वय दुपारच्या पेशंटच्या चौकटीत तसंच चिकटून राहायचं.

कित्येकदा तिने हात टेकले. पण हात टेकले की तिला भाऊजींचं हसणं आठवायचं आणि ती पुन्हा खुर्ची पुढे ओढायची. काकांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा चष्मा पुसत ते म्हणाले, "पोरी, तुला प्रोग्राम शिकायचाय की कुणाचा गळा धरायचाय?"

"दोन्ही."

"बरं. आधी पहिलं नीट होऊ दे."

सातव्या महिन्यात प्रोग्राम उभा राहिला. लॅबमध्ये असतं तसं सगळं त्यात होतं. तातडीचा पेशंट आला की त्याचं नाव आपोआप यादीत सगळ्यात वर जायचं, तेसुद्धा. त्या दिवशी काका परीक्षा घ्यायला बसले. पेशंट म्हणून घरातल्या वस्तू. पहिल्या ओळीत शब्दकोश, दुसऱ्या ओळीत किटली, तिसऱ्या ओळीत चप्पल, चौथ्या ओळीत इस्त्री. तिघांची वजनं झाली, बरोबर नोंदली गेली. टाचणीने इस्त्री काट्यावर ठेवली, चौथी ओळ निवडली, बटण दाबलं. काटा स्थिर होत होता तेवढ्यात काकांनी थरथरत्या बोटाने एकेक अक्षर दाबत नवीन पेशंट घातला: उशी. तातडीची.

उशी सगळ्यात वर गेली. काटा टिंग वाजला. इस्त्रीची ओळ रिकामीच राहिली.

"काट्याने आकडा पाठवलाच नाही," टाचणी वैतागून म्हणाली. "गिळला. थांबा, परत चालवते."

"पाठवला," काका म्हणाले. "चपलेकडे बघ."

चपलेपुढे आकडा होता, दोन किलो शंभर ग्रॅम.

"ही चप्पल कुणाच्या पायात घालायची?" काका खो खो हसत सुटले. "अगं, तू वस्तू लक्षात ठेवली नाहीस, ओळ लक्षात ठेवलीस. चौथी ओळ. उशी वर घुसली, सगळे एकेक पायरी खाली सरकले, आणि चौथ्या ओळीत आली चप्पल. तिचं आधीचं वजन पुसून त्यावर इस्त्रीचं बसलं. वेबच्या पानावर यादी एकदा आली की कुणी परत मागेपर्यंत हलत नाही ना? इथे ती जिवंत असते. माणसाला त्याच्या नंबराने ओळखायचं. कितव्या ओळीत उभा आहे त्यावरून नाही."

टाचणी ऐकतच नव्हती. तिच्या कानात दुसराच आवाज घुमत होता. डॉक्टरीणबाईंच्या लॅबमधली थोरली टेक्निशियन, वर्षानुवर्षं तीच तक्रार करणारी: मशीन कधीकधी आकडा गिळतं हो, परत चालवावं लागतं.

मशीन आकडा गिळत नव्हतं. ज्या ज्या वेळी एका पेशंटची ओळ रिकामी राहिली, त्या त्या वेळी त्याचा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पडला होता. रिकामी ओळ दिसली म्हणून तिथे परत तपासणी झाली. ज्याचं आधीचं बरोबर पुसून चुकीचं बसलं होतं, त्याच्याकडे कोण बघणार? गाण्याच्या बाईंच्या नावावर पडलेले पाच दुसऱ्याच कुणाचे होते. त्या वेळी बोंबाबोंब ऐकून टेक्निशियनने जपून ठेवलेली रक्ताची नळी परत तपासून लॅबच्या कॉम्प्युटरवर आकडा हाताने सुधारला असणार. फोनवर गेलेली प्रत मात्र जुनीच राहिली.

तिने हे सगळं काकांना सांगितलं. काकांचं हसू मावळलं. "किती लॅब म्हणालीस?"

"एकतीस."

"मग आत्ताच्या आत्ता ऊठ. त्या डॉक्टरीणबाईंकडे जा."

"जाते," टाचणी म्हणाली.

ती गेली नाही. घरी गेली.

यावर तिने पुष्कळ विचार केला, आणि तो विचार फक्त स्वतःच्या बाजूने केला. आज सांगितलं तर काय होईल? भाऊजी तीन ओळी बदलतील, वर नवीन आवृत्ती म्हणून मिरवतील आणि पेढे वाटल्यासारखं सगळ्या लॅबना वाटतील. आपले सात महिने पाण्यात. आपला प्रोग्राम पुरता तयार हवा. एका हाताने त्यांची चूक टेबलावर आपटायची आणि दुसऱ्या हाताने आपली वस्तू पुढे करायची. मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवायची नाही. आणि इतकी वर्षं चालतंय ते आणखी आठवडाभर चाललं तर काय आभाळ कोसळणार आहे? शिवाय असं रोज थोडंच होतं.

उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती खुर्चीला खिळून राहिली. आपल्या प्रोग्राममधली ती चूक तिने पहिल्याच दिवशी काढली. मग छपाई, मग रिपोर्टचा मथळा, मग बारीकसारीक. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "सांगितलंस ना?"

"सांगितलं काका."

आयुष्यात त्या माणसाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि बोलताना तिचा आवाजही हलला नाही.

दहाव्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "गाण्याच्या बाईंचा रिपोर्ट कसा चुकला ते मी दाखवते. भाऊजींना बोलवा. ते समोर असल्याशिवाय दाखवणार नाही."

भाऊजी आले ते घड्याळ बघतच. "काय गं, अजून तेच चघळते आहेस का?"

टाचणीने स्वतःचा लॅपटॉप बाहेरही काढला नाही. लॅबचाच कॉम्प्युटर, भाऊजींचाच प्रोग्राम. थोरल्या टेक्निशियनला तिने सातव्या ओळीतल्या पेशंटची नळी मशीनमध्ये लावायला सांगितली. मशीन घरघरू लागलं. मग ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, काउंटरच्या कॉम्प्युटरवर तुमचं स्वतःचं नाव घाला. तातडीचा पेशंट म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी नाव घातलं. यादी एक पायरी खाली सरकली. मिनिटभराने मशीनने आकडे पाठवले. ज्याची नळी लावली होती त्याच्यापुढे रिकामं. त्याच्या वरच्या माणसाचे सकाळचे आकडे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलले.

"योगायोग आहे," भाऊजी म्हणाले.

"परत करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. भाऊजी रुमालाने मान पुसू लागले. इतक्यात थोरली टेक्निशियन, जी त्या मंगळवारी तोंडाला कुलूप लावून बसली होती, ती म्हणाली, "साहेब, हे मी तुम्हाला दोनदा फोनवर सांगितलं होतं. आकडा येत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात वायर बदला. आम्ही दोन वायरी बदलल्या."

टाचणीला वाटलं, हा क्षण बरणीत भरून ठेवावा. ती खुर्चीवर ताठ बसली आणि एकेक शब्द तोडत म्हणाली, "मी पडद्याला रंग लावणारी बाई. मला कळायला सात महिने लागले. तुम्ही प्रोग्राम लिहिणारे. तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही? की कळलं होतं?"

भाऊजींनी खाली बघितलं. टाचणीने बॅगेची चेन उघडली. आता आपली वस्तू पुढे करायची.

"तुम्हाला हे कधी कळलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. काल, म्हणाली असती तर कुणी ताडून पाहणार नव्हतं. पण त्या बाईंच्या नजरेत काहीतरी होतं. "नऊ दिवस झाले," ती म्हणाली.

"नऊ दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. कपाटातून त्यांनी एक खोका काढला. मशीन प्रत्येक नळीमागे कागदाची एक बारीक पट्टी छापायचं, त्यावर नळीचा नंबर आणि वेळ असायची. नऊ दिवसांच्या पट्ट्या त्यांनी टेबलावर ओतल्या. "एकच नंबर दोनदा आलाय अशा पट्ट्या काढा. ज्याला ज्याला परत चालवलं, त्याच्या वरच्या माणसाचा रिपोर्ट चुकलेला असणार. तुम्ही दोघं बसा. काम संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

आणि टाचणी आणि भाऊजी एका टेबलाशी, एका बाजूला, डोक्याला डोकं लावून बसले. तीन तास. सूड घ्यायला आली होती ती, आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याला "हा बघा, दोनशे चौदा दोनदा आहे" असं सांगत पट्ट्या त्याच्या हातात देत होती. त्याच्या बोटांना शाईचे डाग पडले होते. तिच्याही.

सहा रिपोर्ट चुकले होते. चारांत फरक इतका किरकोळ की काही बिघडलं नव्हतं. पाचव्या बाईने उगाच आठवडाभर गोळ्या घेतल्या होत्या. सहावा एका गोदामाचा वॉचमन होता. रक्त गोठवणाऱ्या पेशी निदान दीड लाख हव्यात, त्या त्याच्या रक्तात जेमतेम अठरा हजार होत्या. रिपोर्टावर मात्र शेजारच्या ओळीतल्या धडधाकट माणसाचे अडीच लाख छापून गेले होते. रिपोर्ट पाच दिवसांपूर्वीचा.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन लावला. वॉचमनच्या मुलीने उचलला. बाबांच्या हिरड्यांतून कालपासून रक्त येतंय, ती म्हणाली, पण रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरीच आहेत.

तासाभरात तो हॉस्पिटलात होता.

फोन ठेवल्यावर डॉक्टरीणबाई टाचणीकडे वळल्या. "तुमचा प्रोग्राम मी घेईन की नाही ते पुढे बघू. आधी या चुकीची दुरुस्ती यांना लिहून द्या. आत्ता. अजून तीस लॅब आहेत."

टाचणीने दातओठ खात ती दुरुस्ती लिहून दिली. भाऊजींना ती समजेना; दोनदा समजावून सांगावी लागली. हेही तिला मनातून गोड लागलं, आणि गोड लागतंय याची त्या क्षणी लाजही वाटली, पण गोडी कमी झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींकडून सगळ्या लॅबना जायचं पत्र समोर बसवून लिहून घेतलं. चूक कुठली, कुणाच्या प्रोग्रामची, आणि गाण्याच्या बाईंच्या वेळी दोष कुणावर ढकलला, सगळं त्यात आलं.

पुढच्या सहा महिन्यांत एकोणीस लॅबनी भाऊजींचा प्रोग्राम काढून टाकला. डॉक्टरीणबाईंनी टाचणीचा प्रोग्राम तीन महिने जुन्याच्या शेजारी चालवून पाहिला, रोज कागदाच्या पट्टीशी ताडला, आणि मग कसलीही स्तुती न करता ठेवून घेतला. त्यांच्यामागोमाग आणखी अकरा लॅब तिच्याकडे आल्या. भाऊजींनी ऑफिसची अर्धी जागा दुसऱ्याला दिली. आईने जावयाच्या बाजूने बोलणं सोडलं, पण लेकीच्या बाजूनेही काही बोलली नाही.

ताई एकदा दुपारी घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. "झालं समाधान?"

"झालं," टाचणी म्हणाली.

"ते आता सकाळी उठून नुसते बसून असतात. जेवतानासुद्धा बोलत नाहीत."

"मीही बसले होते तशी. तू तेव्हा मला नमतं घ्यायला सांगत होतीस."

ताई उठून गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज सावकाश विरत गेला. टाचणी उठून दारापर्यंत गेली नाही.

काटेवाल्या काकांना नऊ दिवसांचं कुठून तरी कळलं. त्यांनी दार उघडलं, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. तिने लॅपटॉप काढला तेव्हा म्हणाले, "राहू दे. तुला येतं आता सगळं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तिने चहा संपवला आणि ती निघाली.

या सगळ्याच्या पुष्कळ आधी वॉचमनला बघायला ती हॉस्पिटलात गेली होती, ते त्याला भरती केल्याच्या बाराव्या दिवशी. तोवर पेशी वाढल्या होत्या, तो उशाला टेकून बसला होता. मोठ्या मिशांचा, भरघोस आवाजाचा माणूस. डॉक्टरीणबाईंनी त्याला नुसतं इतकंच सांगितलं होतं की चूक शोधून काढली ती या बाईंनी.

"तुमच्यामुळे वाचलो बाई," तो हात जोडून म्हणाला.

टाचणी स्टुलावर बसली. येताना तिने ठरवलं होतं की दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. "मला ती चूक आधीच कळली होती," ती म्हणाली. "तुम्ही रक्त द्यायच्या चार दिवस आधी. मी सांगितलं नाही."

वॉचमनचे जोडलेले हात तसेच राहिले. "का?"

"एका माणसावर राग होता. त्याला सगळ्यांसमोर पाडायचं होतं. त्यासाठी वेळ हवा होता."

खाटेच्या पायाशी बसलेली त्याची मुलगी ताडकन उठली, काहीतरी बोलणार होती. त्याने हाताने तिला थांबवलं.

"पडला का तो माणूस?"

"पडला."

"मग उतरला का राग?"

टाचणीने खरंखुरं आठवून पाहिलं. भाऊजींचा खाली गेलेला चेहरा, शाई लागलेली बोटं, ते पत्र. मग तिने मान हलवली. "नाही. पूर्ण नाही."

"हं," वॉचमन म्हणाला, आणि मुलीला म्हणाला, "यांना खाली सोडून ये. आणि परत येऊ नका म्हणावं."

मुलगी तिच्यासोबत लिफ्टपर्यंत आली. लिफ्टचं दार उघडल्यावर तिने फक्त बाजूला होऊन वाट दिली. टाचणी आत गेली, खालच्या मजल्याचं बटण दाबलं. दुपारी अडीचला डॉक्टरीणबाईंच्या लॅबमध्ये, जुन्याच्या शेजारी आपला प्रोग्राम चालवून दाखवायला, तिला मशीनला वायर जोडायची होती, आणि ती वेळेवर पोचली.